बुटांचा दुकानदार, शनिवारचं रॉकेट आणि नऊ वर्षांचा खटला

सरकारी खात्याने एखादी वस्तू धोकादायक ठरवली की आपण मान डोलावतो. कशावरून, हे कोणी विचारत नाही. अमेरिकेतल्या हौशी रॉकेटवाल्यांनी विचारलं. उत्तराला नऊ वर्षं लागली. पण गोष्ट जरा मागून सांगतो.

1954 साल. नेब्रास्का राज्यातलं नॉरफोक हे छोटं गाव. तिथे ऑरव्हिल कार्लाईल यांचं बुटांचं दुकान. त्यांना शोभेच्या दारूचा नाद, भाऊ रॉबर्टला मॉडेल विमानांचा. दोन्ही नाद एकत्र आले आणि एक छोटं रॉकेट तयार झालं. ते पॅराशूटने अलगद उतरायचं आणि जळालेली मोटर काढून नवी घातली की पुन्हा उडायचं.

बदलता येणारी तयार मोटर, ही त्यातली खरी अक्कल. त्याचं महत्त्व कळायला 1957 उजाडावं लागलं. 4 ऑक्टोबरला रशियाचा स्पुटनिक वर गेला आणि अमेरिकेतली पोरं रॉकेटमागे वेडी झाली. धातूच्या नळ्यांत घरगुती मिश्रणं ठासायचे प्रकार सुरू झाले. कुणाची बोटं गेली, कुणाचे डोळे. बंदी घाला, अशी ओरड सुरू झाली. आपल्याकडेही असं काही झालं की आधी हेच होतं.

जी. हॅरी स्टाइन हे व्हाइट सॅंड्सच्या क्षेपणास्त्र तळावर काम केलेले गृहस्थ. पोरांच्या या धोक्यावर ते मासिकांत लिहायचे. ते वाचून कार्लाईल यांनी स्पुटनिकच्या आधीच त्यांना आपली रॉकेटं पाठवली होती. त्याच वर्षी स्टाइन यांनी कंपनी काढली आणि हौशी लोकांची राष्ट्रीय संघटनाही उभी केली. नियम साधे: सांगाडा धातूचा नको, इंधन स्वतः कालवायचं नाही, पेटवायचं ते लांबून, विजेच्या तारेने. डेन्व्हरच्या व्हर्न एस्टेस यांनी तर दर साडेपाच सेकंदाला एक मोटर पाडणारं यंत्र बनवलं. म्हणजे बंदीची मागणी होत असताना हौशी लोकांनीच पोरांना घरी दारू ठासायची गरज उरू दिली नाही.

पोरं मोठी झाली, रॉकेटंही. 1980 च्या दशकात डोक्याएवढी, मग माणसापेक्षा उंच. मोटरच्या ताकदीला इंग्रजी अक्षरं आहेत, प्रत्येक पुढच्या अक्षराला ताकद दुप्पट. 'एच' पासून पुढे 'हाय पॉवर'. त्यासाठी तीन पायऱ्यांचं प्रमाणपत्र, दुसरीला लेखी परीक्षा. हे सगळं संघटनांचं, सरकारचं नाही.

शनिवारच्या उड्डाणाची तयारी आठवडे आधी चालते. फायबरग्लासची नळी, इपॉक्सीने बसवलेले पंख. गुरुत्वमध्य दाबमध्याच्या पुढे, किमान एका व्यासाइतका, नाहीतर रॉकेट हवेत कोलांट्या खातं. आत उंची मोजणारं छोटं सर्किट. ते शिखरावर लहान पॅराशूट सोडतं आणि जमीन जवळ आली की मोठं, म्हणजे वारा रॉकेटला मैलभर नेत नाही. पॅराशूट ढकलायला चिमूटभर काळी दारू, आणि तिची चाचणी आधी जमिनीवरच करायची.

आता खटला. या मोठ्या मोटरमधलं इंधन म्हणजे अमोनियम परक्लोरेट रबरासारख्या द्रव्यात घट्ट बसवलेलं. स्पेस शटलच्या बूस्टरमध्ये हेच, आपल्या पीएसएलव्हीच्या पहिल्या टप्प्यातही याच जातीचं. पण शस्त्रं आणि स्फोटकं बघणाऱ्या केंद्रीय खात्याच्या यादीत ते 'स्फोटक' होतं. 62.5 ग्रॅमपर्यंत सूट, त्यापुढे परवाना, चौकशी, साठ्याची तपासणी. फेब्रुवारी 2000 मध्ये दोन संघटना कोर्टात गेल्या. मुद्दा एकच: हे फुटत नाही, जळतं. मग 2001 चा सप्टेंबर आला, पुढच्या वर्षी स्फोटकांचा कायदा आणखी कडक झाला. त्या वातावरणात 'आमच्या इंधनाला स्फोटक म्हणू नका' असं कोर्टात सांगत राहायला छाती लागते.

2006 मध्ये अपील कोर्टाने खात्याला विचारलं, किती वेगाने जळलं की तुम्ही स्फोटक म्हणता? खात्याकडे धड आकडा नव्हता. प्रकरण परत पाठवलं गेलं, खात्याने नवं स्पष्टीकरण दिलं. 16 मार्च 2009 रोजी न्यायाधीश रेगी वॉल्टन यांनी तेही फेटाळलं आणि हे इंधन यादीतून गेलं. संघटनांचा वकिलांवरचा खर्च सभासदांच्या देणग्यांतून उभा राहिला होता.

मला निकालापेक्षा त्यानंतरचं जास्त लक्षात राहिलं. काळी दारू यादीत तशीच राहिली. विमान वाहतूक खात्याची आकाशासाठी परवानगी लागतेच. आणि मैदानावर संघटनेचाच सुरक्षा अधिकारी रॉकेट हातात घेऊन पंख हलवून बघतो, गुरुत्वमध्य दाखवायला लावतो. 'एम' मोटर असेल तर सगळ्यांना 500 फूट मागे उभं करतो. पंख ढिला वाटला तर ते रॉकेट त्या शनिवारी उडत नाही, मग मालकाने त्यावर सहा महिने घालवलेले असोत.