मराठी ब्रेल : सहा टिंबांच्या लिपीची वाटचाल

साधनाने मनुष्य स्वावलंबी होतो, हे विधान अंधांच्या बाबतीत लिपीस जितके लागू पडते तितके क्वचितच दुसऱ्या साधनास लागू पडेल. पांढरी काठी रस्ता दाखविते. परंतु स्वतःचे खाजगी पत्र दुसऱ्याच्या तोंडून ऐकावे लागणे, ही परवशता काठीने जात नाही.

लुई ब्रेल (1809–1852) ह्याने 1829 मध्ये प्रसिद्ध केलेली स्पर्शलिपी सहा टिंबांच्या 63 मांडण्यांवर उभी आहे. मुंबईत 1900 साली मिस मिलार्ड ह्यांनी अमेरिकन मिशनची अंधशाळा काढली. 1902 मध्ये व्हिक्टोरिया मेमोरियल शाळा निघाली आणि 1934 मध्ये पुण्यास अंधशाळा स्थापन झाली. शाळा निघाल्या, तरी देशात लिपी मात्र एक नव्हती. निरनिराळ्या प्रांतांत निरनिराळे संकेत रूढ होते. त्यामुळे एका संकेतात छापलेले पुस्तक दुसऱ्या संकेतात शिकलेल्या वाचकाच्या बोटांना मुकेच राही. पुस्तके आधीच थोडी, त्यांत ही फाटाफूट!

1949 मध्ये भारत सरकारने हा प्रश्न युनेस्कोपुढे ठेविला. सर क्लूथा मॅकेन्झी ह्या अंध प्रशासकाने त्या कामी पुढाकार घेतला, फेब्रुवारी 1951 मध्ये बैरूत येथे परिषद भरली आणि त्याच वर्षी 'भारती ब्रेल' स्वीकारले गेले. भारतीय भाषांतील समान वर्णांस एकच चिन्ह, आणि शक्य तेथे तेच आंतरराष्ट्रीय संकेताशी जुळणारे, हे त्याचे सूत्र होय. 'क' चे चिन्ह तेच रोमन 'के' चे.

ह्या लिपीचा स्वभाव भाषाभ्यासकाने अवश्य पाहावा. नागरीत 'कि' लिहिताना वेलांटी व्यंजनाच्या आधी येते, उच्चार मात्र नंतर होतो. ब्रेलमध्ये स्वर उच्चाराच्या क्रमानेच येतो. मात्रा आणि स्वतंत्र स्वर ह्यांस चिन्हही एकच. पुणे–लोणावळा लोहमार्गावरील कान्हे ह्या स्थानकाचे नाव घ्यावे. त्यास सहा घरे लागतात : क, आ, हलन्ताची खूण, न, ह, ए. ही खूण 'न' च्या आधी येते. म्हणजे पुढील अक्षर अर्धे आहे, ही सूचना बोटास आगाऊ मिळते. मराठी कानाला मात्र येथील 'न्ह' हा बहुधा एकच महाप्राण वर्ण वाटतो. त्याला स्वतंत्र घर नाही. अर्थात नागरीनेही ते दिलेले नाही, तेव्हा दोष एकट्या ब्रेलचा नव्हे. 'ळ' ला मात्र आपले चिन्ह मिळाले, हे मराठीचे भाग्य.

1952 मध्ये मुंबईत राष्ट्रीय अंध संघटना स्थापन झाली. 15 फेब्रुवारी 2008 रोजी स्वागत थोरात ह्यांनी 'स्पर्शज्ञान' हे मराठी ब्रेल पाक्षिक सुरू केले. तोवर संगणकाचा पडदा वाचून दाखविणारी साधने आली होती. 2006 मध्ये सुरू झालेले एनव्हीडीए विनामूल्य असल्याने विद्यार्थ्यांच्या आवाक्यातले ठरले.

पण वाणीयंत्राने ब्रेलची गरज संपली, असे मानणे घाईचे होईल. 'जरा' म्हणजे वार्धक्य आणि 'जरा' म्हणजे थोडे, ह्या दोन शब्दांतील 'ज' मराठीत भिन्न उच्चारला जातो, पण लिहिला जातो एकच. यंत्रास उच्चार आधी ठरवावा लागतो, आणि तो चुकला तर श्रोत्यापुढे चुकीचा शब्द येतो. ब्रेल वाचणाऱ्यापुढे अक्षर येते. उच्चार तो स्वतः ठरवितो. ऱ्हस्व-दीर्घाचेही तसेच : केवळ ऐकून शिकलेल्या विद्यार्थ्यास 'दिन' आणि 'दीन' ह्यांतील भेद लिहिताना हटकून अडवितो.