कुकरचा शिक्का बघून घ्या



कुकर काही आजकालचा नाही. १६७९ साली डेनिस पापिन या फ्रेंच माणसाने लंडनमध्ये वाफ कोंडून शिजवणारं भांडं दाखवलं. त्यात हाडंसुद्धा मऊ होत. भांडं फुटू नये म्हणून त्याने पुढे सेफ्टी व्हॉल्व्हही बसवला.

उघड्या पातेल्यात पाणी १०० अंशांवर उकळतं, कुकरमध्ये १२० पर्यंत तापतं. म्हणून तूरडाळ लवकर शिजते, गॅस-सरपण वाचतं. पण व्हॉल्व्ह कच्चा असेल तर तीच वाफ जिवावर बेतते.

२०२१ पासून आपल्या देशात कुकरवर आयएसआय शिक्का सक्तीचा आहे. गटातून कर्ज काढून कुकर घ्याल, तर स्वस्ताला भुलू नका. आधी शिक्का बघा. रिंग आणि व्हॉल्व्ह तालुक्याला मिळतात का, तेही विचारा.