दोरा की डिंक?

जखम शिवण्याची विद्या आपल्याकडे फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेत सुती दोरा, ताग, स्नायू आणि केस यांनी टाके घालण्याचे सांगितले आहे. फाटलेल्या आतड्याच्या कडा जुळवून त्यांना काळ्या मुंग्या डसवाव्यात, हा उपायही त्याच ग्रंथातला. म्हणजे दोऱ्यावाचून जखम मिटवण्याचा विचारही तितकाच जुना!

पुढे दोरा सुधारत गेला. १८६७ मध्ये जोसेफ लिस्टरने जंतुनाशक शस्त्रक्रियेची पद्धत प्रसिद्ध केली. नंतर जनावरांच्या आतड्यापासून केलेला, आपोआप विरघळणारा दोरा तो कार्बोलिक आम्लात भिजवून वापरू लागला. तोंडातील शस्त्रक्रियेत मात्र काळे रेशीम दीर्घकाळ टिकले. ते मऊ असते, गाठ घट्ट बसते. पण त्याच्या पिळात लाळ व जंतू मुरतात, आणि आठवड्याभराने टाके काढायला पुन्हा यावे लागते. खेड्यातून एस.टी.ने येणाऱ्या रुग्णाला ही दुसरी खेप म्हणजे एक दिवसाची मजुरी.

डिंकाचा जन्म मात्र युद्धकाळातला. १९४२ मध्ये अमेरिकेत कोडॅक कंपनीचे हॅरी कूव्हर बंदुकीच्या नेमासाठी पारदर्शक प्लास्टिक शोधत होते. हाती आलेले सायनोॲक्रिलेट जिथे तिथे चिकटे, म्हणून ते बाजूला पडले. १९५१ मध्ये त्याचा गुण ध्यानात आला आणि १९५८ मध्ये ते बाजारात आले. व्हिएतनाम युद्धात जवानांचा रक्तस्राव थांबवण्यासाठी त्याचा फवारा वापरला गेला. परंतु सुरुवातीचे प्रकार शरीरात लवकर विघटित होऊन पेशींना इजा करीत. ब्यूटिल व ऑक्टिल हे पुढचे प्रकार त्या मानाने सौम्य ठरले. १९९८ मध्ये अमेरिकेत ऑक्टिलला परवानगी मिळाली, तीही त्वचेपुरती. तोंडात वापर झाला तो मुख्यतः ब्यूटिलचा.

ओलावा लागताच हा डिंक घट्ट होतो, रक्त थांबवतो आणि काही दिवसांनी आपोआप गळून पडतो. सुई नाही, दुसरी खेप नाही. तरीही दोरा निवृत्त झालेला नाही. गाल आणि जीभ सतत हलतात. जिथे जखमेच्या कडा ताणल्या जातात तिथे डिंक सुटतो. शिवाय तो कडांच्या वरच लावायचा असतो. आत शिरला तर उलट भरून येण्यात अडथळा होतो.

म्हणून डॉक्टरांना "नवे काय आहे?" असे विचारण्यापेक्षा "माझ्या जखमेवर ताण किती आहे?" असे विचारावे. दोरा की डिंक, हे त्या उत्तरावर ठरते.