‘बिनी’, ‘नव’ आणि ‘प्रयोगशील’ : एका संज्ञेचा मराठी व्यवहार

‘अव्हाँ-गार्द’ ही मुळात फ्रेंच लष्करी परिभाषेतील संज्ञा होय. मुख्य सैन्याच्या पुढे चालणारी तुकडी, हा तिचा वाच्यार्थ. सँ-सिमाँच्या वर्तुळातून १८२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कलावंत, वैज्ञानिक व उद्योजक यांच्या संवादात ती कलावंताला लावली गेली. कलेचा परिणाम तत्काळ व जलद होतो, म्हणून समाजपरिवर्तनात कलावंताने आघाडीवर राहावे, असा तेथील विचार आहे. म्हणजेच आरंभी या संज्ञेचा संबंध शैलीच्या नावीन्याशी नव्हता, कलावंत आणि समाज यांच्यातील नात्याशी होता. पुढील आणि मागील यांचे नाते हाच या रूपकाचा गाभा आहे. मागून येणारे सैन्यच नसेल, तर आघाडी या शब्दाला अर्थ उरत नाही.

मराठीत या रूपकाला तंतोतंत प्रतिशब्द होता. मराठी फौजेच्या पुढे चालणारी ती ‘बिनी’. विसाजी कृष्ण बिनीवाले यांच्या आडनावात ती आजही टिकून आहे. ‘बिनीचा शिलेदार’ हा वाक्प्रचार समीक्षेतही गौरवार्थाने रूढ आहे. तथापि संज्ञा म्हणून ‘बिनी’ कोणी वापरली नाही. वाईत तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली मराठी विश्वकोशाचे काम उभे राहिले, तेव्हा परिभाषासंग्रहाचा खंड १९७३ मध्ये आधी निघाला व पहिला खंड १९७६ मध्ये. नावे ठरल्याशिवाय ज्ञानाची मांडणी करता येत नाही, ही जाणीव त्या क्रमात आहे. वाङ्मयसमीक्षेने मात्र ‘नव’ आणि ‘प्रयोगशील’ या दोन सैल विशेषणांवर काम भागविले. पहिले कालवाचक, दुसरे प्रयोगशाळेतून आलेले. दोहोंतही समाजाशी असलेल्या नात्याचा निर्देश नाही.

या सैलपणाचे परिणाम बा. सी. मर्ढेकरांच्या मूल्यमापनात दिसतात. वाईवरून येणाऱ्या कृष्णेच्या खोऱ्यातील, सातारा जिल्ह्यातील मर्ढे हे त्यांच्या घराण्याचे गाव. ‘काही कविता’ (१९४७) या संग्रहाने मराठी कवितेची भाषा, प्रतिमा व छंद यांना मुळापासून हादरा दिला. त्यावर अश्लीलतेचा खटला झाला आणि त्यातून कवी निर्दोष सुटला. एवढ्यावरून मर्ढेकर ‘अव्हाँ-गार्द’ ठरतात काय? रेनातो पोज्जोली यांच्या १९६२ च्या विवेचनात आधुनिकतावाद आणि अव्हाँ-गार्द यांच्या सीमा बऱ्याच अंशी मिसळतात; त्या अर्थाने उत्तर होकारार्थी देता येईल. पेटर ब्युर्गर यांनी १९७४ मध्ये मात्र वेगळी कसोटी लावली : ‘कला’ या संस्थेवर, तिच्या स्वायत्ततेच्या दाव्यावरच जो हल्ला करतो, तो अव्हाँ-गार्द. सौंदर्याचे लयतत्त्व मांडून वाङ्मयाची स्वायत्तता आग्रहाने प्रतिपादणारे मर्ढेकर या कसोटीला उतरत नाहीत. ते श्रेष्ठ आधुनिकतावादी कवी आहेत. हा भेद करण्याने त्यांची थोरवी उणावत नाही.

संस्थेवरील हल्ला लघुअनियतकालिकांनी केला. पन्नाशीच्या दशकाच्या मध्यास ‘शब्द’ आणि साठीच्या दशकात अशोक शहाणे यांचे ‘असो’ यांनी प्रकाशनाचे साधनच आपल्या हाती घेतले. १९६९ मध्ये राजा ढाले आदी तरुण लेखकांनी ‘सत्यकथे’च्या अंकाची होळी केली, तेव्हा ज्या मासिकाने नवसाहित्याला आश्रय दिला होता, तेच आता प्रस्थापित म्हणून लक्ष्य झाले. ‘नव’ या विशेषणाची मर्यादा येथे उघड झाली : काल जे नव, ते आज जुने. पदार्थ बदलला तरी नाव तेच राहते आणि वाद पिढ्यांचा भासतो. वस्तुतः तो मजकूर कोणी निवडायचा आणि वाङ्मय कशाला म्हणायचे, या अधिकाराचा होता.

पुढचा टप्पा अधिक कठीण प्रश्न उभा करतो. सांगली जिल्ह्यातील नांद्रे येथे जन्मलेले ढाले आणि ‘गोलपिठा’कार नामदेव ढसाळ हे १९७२ मध्ये स्थापन झालेल्या दलित पँथरचेही संस्थापक. त्यांच्या लेखनात संस्थाभंजन आणि सामाजिक कृती एकत्र येतात. १८२५ च्या मूळ अर्थाशी मराठीतील हाच क्षण सर्वांत निकट आहे. मात्र रूपकातील मुख्य सैन्य येथे कोणते? मध्यमवर्गीय वाचकाला मागून येणारी फौज मानले, तर दलित साहित्य पुन्हा त्याच्याच प्रगतीची बिनी ठरते आणि त्या वर्गाविरुद्ध उभी राहिलेली त्याची भूमिका पुसली जाते. ढसाळांची कविता ज्यांच्या वतीने बोलते, तो समूह वाङ्मयाच्या वाटेवर कधी मोजलाच गेला नव्हता.

म्हणून ‘प्रयोगशील’ या एकाच सदरात मर्ढेकर, ‘शब्द’, ‘असो’ आणि ‘गोलपिठा’ ओळीने मांडणारा वाङ्मयेतिहास सोयीचा असला तरी फसवा आहे. पहिल्याने कवितेची भाषा बदलली, दुसऱ्यांनी वाङ्मयीन सत्ता आव्हानिली, तिसऱ्याने वाङ्मयाचा समाजच बदलून मागितला. या तीन कृतींना तीन नावे देणे, ही वाङ्मयेतिहासाची पहिली जबाबदारी होय. ‘अव्हाँ-गार्द’ हा शब्द स्वीकारावा की ‘बिनी’ पुन्हा वापरात आणावी, हा प्रश्न त्यानंतरचा. कोणताही शब्द घेतला तरी पुढे कोण, मागे कोण आणि वाट कोणाची, हे त्याच्यासोबत विचारावेच लागेल.