तळटीप : लघुग्रह ४१३० रामानुजन आणि जोडलघुग्रहांचा शोध

४१३० रामानुजन : कुंभकोणमला वाढलेले गणिती श्रीनिवास रामानुजन यांच्या नावाचा लघुग्रह. आर. राजमोहन यांनी तो १७ फेब्रुवारी १९८८ रोजी तमिळनाडूतीलच कावलूर वेधशाळेतून शोधला. मंगळ व गुरू यांच्या दरम्यानचे असे लघुग्रह दुर्बिणीतूनही केवळ प्रकाशबिंदू दिसतात. त्यांचे परिवलन आणि सोबती तेजाच्या चढउतारांवरून ओळखावे लागतात. लांबट लघुग्रह फिरताना कधी रुंद, कधी अरुंद बाजू दाखवतो. त्यामुळे एका फेरीत तेज साधारणतः दोनदा वाढते व दोनदा घटते. त्याला उपग्रह असेल आणि उपग्रहाची कक्षा आपल्याला कडेने दिसत असेल, तर एक पिंड दुसऱ्याला झाकतो किंवा त्यावर सावली टाकतो. तेवढा वेळ तेज आणखी उतरते. परिवलनाचा परिणाम वजा करूनही ही घट ठरावीक काळाने पुन्हा पुन्हा दिसली, तर ती जोडी मानली जाते. एका प्रदक्षिणेत अशा दोन घटी येतात; त्यांवरून प्रदक्षिणाकाळ, तर घटीच्या खोलीवरून दोन्ही पिंडांच्या आकारांचे प्रमाण काढता येते. डिडिमॉस या लघुग्रहाचा उपग्रह डायमॉर्फॉस २००३ मध्ये चेक खगोलशास्त्रज्ञ पेत्र प्रावेत्स यांना असाच सापडला. रडारनेही त्याला दुजोरा दिला. २६ सप्टेंबर २०२२ रोजी ‘नासा’चे ‘डार्ट’ यान त्यावर आदळले. त्याचा ११ तास ५५ मिनिटांचा प्रदक्षिणाकाळ सुमारे ३३ मिनिटांनी कमी झाल्याचे प्रामुख्याने याच पद्धतीने सिद्ध झाले.