ती युद्धबंदी आणि तो युद्धबंदी

‘युद्धबंदी’ हा शब्द मराठीत दोन लिंगांत नांदतो. ‘ती युद्धबंदी’ म्हणजे लढाई थांबणे आणि ‘तो युद्धबंदी’ म्हणजे शत्रूच्या हाती सापडलेला शिपाई. पहिल्यातली ‘बंदी’ फारसी वळणाची, नाकाबंदी-दारूबंदीच्या रांगेतली. दुसऱ्यातला ‘बंदी’ बंदिवान-बंदिशाळेच्या घरचा. फारसी ‘बंद’ आणि संस्कृत ‘बंध्’ मात्र एकाच प्राचीन धातूची लेकरे. आपले ‘बांधणे’ही त्याच कुळातले.

कोरियाच्या युद्धात हे दोन्ही अर्थ एकमेकांत असे अडकले, की ‘तो’ घरी जाईना म्हणून ‘ती’ होईना.

जून १९५० मध्ये उत्तर आणि दक्षिण कोरियात युद्ध पेटले. वर्ष उलटायच्या आत सोल शहर चार वेळा हातांतून हातांत गेले आणि आघाडी फिरून ३८ अंश अक्षांशाच्या आसपासच रुतली. १० जुलै १९५१ रोजी केसाँगला वाटाघाटी सुरू झाल्या, पुढे त्या पानमुनजोमला हलल्या. सीमारेषेचे कसेबसे जमले. घोडे अडले ते कैद्यांपाशी. १९४९ चा जिनिव्हा करार सांगतो की लढाई थांबताच कैद्यांना मायदेशी पाठवा. पण उत्तरेच्या बाजूने लढताना पकडलेले हजारो चिनी आणि उत्तर कोरियन कैदी परतायला तयार नव्हते. कोणी मनापासून, कोणी छावणीतल्याच टोळ्यांच्या धाकाने. कैद्याला त्याच्या मर्जीविरुद्ध धाडू नये, हे मला आजही पटते. पण या एका मुद्द्यावर वर्षाहून अधिक काळ गेला आणि तोवर दोन्हीकडची पोरे त्याच त्या टेकड्यांसाठी मरत राहिली, हे विसरून ते पटवून घेता येत नाही.

२७ जुलै १९५३ ला सकाळी दहाला पानमुनजोमला युद्धबंदीच्या करारावर सह्या झाल्या, रात्री दहाला तोफा थांबल्या. घरी न जाणारे २२ हजारांहून अधिक कैदी भारतीय पलटणींच्या ताब्यात आले. या कैद्यांसाठी नेमलेल्या तटस्थ देशांच्या आयोगाचे अध्यक्ष होते भारताचे जनरल थिमय्या आणि पहाऱ्याच्या दलाचे प्रमुख मेजर जनरल शंकरराव थोरात, आपल्या कोल्हापूरकडचे. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री यांनी भारतीयांना आपल्या भूमीवर पाऊल ठेवू दिले नाही, म्हणून जवानांना जहाजांवरून हेलिकॉप्टरने थेट दोन सैन्यांमधल्या निर्लष्करी पट्ट्यात उतरवले. तिथे तंबू ठोकलेले होते. एकेका कैद्याला आत आणायचे, त्याच्या देशाचा प्रतिनिधी समजूत घालायचा, मग कैद्याने दोनपैकी एका दाराने बाहेर पडायचे. एक दार घराकडचे, दुसरे नकाराचे. बहुतेक जण दुसऱ्या दाराने गेले. एकदा चिनी कैद्यांनी एका भारतीय मेजरला कुंपणाआड ओढून धरले, तेव्हा थोरात स्वतः त्या जमावात शिरले आणि त्याला सोडवून घेऊन आले.

मग युद्ध संपले का? इथे मराठीतला नेमका शब्द ‘तहकूब’. त्यातल्या ‘तह’शी आपल्या तहाचे काही नाते नाही. अरबी ‘तवक्कुफ’ म्हणजे थांबणे, थोपून राहणे. तोंडातोंडी फिरताना त्याचे ‘तहकूब’ झाले असे मानतात. ‘मोकूफ’ आणि ‘वक्फ’ त्याच अरबी धातूतले. सभा तहकूब होते तेव्हा ती संपत नाही, पुढचे विषय पत्रिकेवर तसेच राहतात. पानमुनजोमच्या कागदाचे कलम ६० हेच बजावते: तीन महिन्यांत राजकीय परिषद भरवून पुढचे ठरवा. परिषद भरली एप्रिल १९५४ मध्ये, जिनिव्हाला. जूनच्या मध्यावर कोरियाचा प्रश्न तसाच ठेवून मंडळी उठली. दक्षिण कोरियाने तर १९५३ च्या कागदावर सहीच केलेली नव्हती. तह आजतागायत झालेला नाही. तरीही आपली पाठ्यपुस्तके ‘१९५० ते १९५३’ असा कंस घालून मोकळी होतात. त्या दुसऱ्या सालापुढे ‘तहकूब’ एवढे तरी छापायला हवे.