'टाकाऊ' चित्रपटांच्या वकील : पॉलिन केल आणि १९६७ चा वाद

१/ ऑगस्ट १९६७. न्यूयॉर्कमध्ये 'बॉनी अँड क्लाइड' हा चित्रपट प्रदर्शित झाला. महामंदीच्या काळात बँका लुटत फिरणाऱ्या एका तरुण जोडीची ती कथा होती. पुढच्या काही महिन्यांत या चित्रपटापायी अमेरिकेतील सर्वांत वजनदार चित्रपट-समीक्षकाची खुर्ची गेली आणि पन्नाशीला टेकलेल्या एका लेखिकेला आयुष्यातील पहिले भक्कम व्यासपीठ मिळाले. या धाग्यात त्या वादाची आणि त्यामागच्या प्रश्नाची हकिगत पाहू. प्रश्न असा : एखादा चित्रपट आपल्याला आवडला, हे सांगायला कोणाची परवानगी लागते?

२/ आधी खुर्चीवर बसलेल्या गृहस्थांविषयी. बॉस्ली क्राउदर हे १९४० पासून 'न्यूयॉर्क टाइम्स'चे प्रमुख समीक्षक होते. ते काही कर्मठ नव्हते. रॉसेलिनी यांच्या 'द मिरॅकल' या चित्रपटावर धर्मनिंदेचा आरोप झाला, तेव्हा त्यांनी त्याची बाजू घेतली होती. १९५२ मध्ये त्याच खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटाला अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे संरक्षण दिले.

३/ पण 'बॉनी अँड क्लाइड' त्यांना सोसवला नाही. हसवता हसवता रक्त दाखवणारा हा चित्रपट त्यांना बेजबाबदार वाटला. त्यांनी एकदा लिहिले, पुन्हा लिहिले, तरी राग शमेना. दुसरीकडे, 'न्यूजवीक'च्या जोसेफ मॉर्गनस्टर्न यांनीही आधी चित्रपट झोडपला. नंतर प्रेक्षकांबरोबर बसून तो पुन्हा पाहिला आणि पुढच्याच आठवड्यात आपले मत जाहीरपणे मागे घेतले. समीक्षेच्या इतिहासात असे प्रसंग विरळाच.

४/ आता पॉलिन केल. जन्म १९१९, कॅलिफोर्नियातील पेटालुमा. आईवडील पोलंडहून आलेले ज्यू, व्यवसाय कुक्कुटपालन. बर्कलेमध्ये एका छोट्या चित्रपटगृहाच्या कारभारात त्यांचा सहभाग होता आणि तिथल्या चित्रपटांची टिपणे त्या स्वतः लिहीत. रेडिओवर त्या चित्रपटांविषयी बोलत, तेही विनामोबदला. पांडित्याचा आव नाही. खेळ सुटल्यावर मैत्रिणीशी तावातावाने बोलावे, तशी भाषा. १९६५ मध्ये त्यांचा पहिला लेखसंग्रह निघाला आणि गाजला.

५/ तरीही पोटापाण्याची भ्रांत मिटली नव्हती. 'मॅककॉल्स' या खपाच्या मासिकात त्यांनी साऱ्या देशाच्या लाडक्या 'द साउंड ऑफ म्युझिक'चे वाभाडे काढले. ते काम लवकरच सुटले. पुढे 'बॉनी अँड क्लाइड'वरील त्यांचा प्रदीर्घ लेख 'द न्यू रिपब्लिक'ने नाकारला. अखेर ऑक्टोबर १९६७ मध्ये तो 'द न्यूयॉर्कर'मध्ये छापून आला.

६/ लेखाचा मथितार्थ काय होता? हिंसा दाखवली म्हणून चित्रपट हिंसेचा पुरस्कर्ता ठरत नाही. इथे प्रेक्षक हसत असतो आणि पुढच्याच क्षणी ते हसू त्याच्या घशात अडकते. मरण म्हणजे काय, हे त्याला तिथे जाणवते. चित्रपटगृहातील ही अस्वस्थता केल यांनी पुरावा म्हणून मांडली. समीक्षकाने पडद्याबरोबरच आपल्या शेजारच्या खुर्चीकडेही पाहावे, ही त्यांची मूळ भूमिका.

७/ मात्र एका लेखाने चित्रपट तारला, ही दंतकथा जपून घ्यावी. निर्माता आणि नायक वॉरन बेटी पुनःप्रदर्शनासाठी स्टुडिओच्या मागे लागले होते. लंडनमध्ये चित्रपट गर्दी खेचत होता. डिसेंबरमध्ये 'टाइम' साप्ताहिकाने त्याला मुखपृष्ठ दिले. पुढे त्याला ऑस्करची १० नामांकने आणि २ पुरस्कार मिळाले. क्राउदर १९६८ च्या सुरुवातीला समीक्षकपदावरून दूर झाले होते, आणि केल 'द न्यूयॉर्कर'मध्ये रुजू झाल्या. तिथे त्यांनी १९९१ पर्यंत लिहिले.

८/ फेब्रुवारी १९६९ मध्ये 'हार्पर्स' मासिकात त्यांचा दुसरा गाजलेला निबंध आला : 'ट्रॅश, आर्ट अँड द मूव्हीज'. यातील विचार आजही बोचतो. बहुतेक चित्रपट थोर कला नसतात, तरी आपण ते आनंदाने पाहतो. मग तो आनंद लपवायचा कशाला? आणि त्याहून वाईट म्हणजे, त्या आनंदाला प्रतिष्ठा मिळावी म्हणून सवंग चित्रपटावर 'गहन आशया'ची शाल का पांघरायची? टाकाऊ ते टाकाऊ म्हणा आणि खुशाल मजा घ्या, असे त्यांचे सांगणे.

९/ या कसोटीचा पुढचा प्रयोग लवकरच आला. डिसेंबर १९७० मध्ये मॅनहॅटनच्या एल्गिन चित्रपटगृहात बेन बॅरनहोल्ट्झ यांनी होदोरोव्स्की यांचा 'एल तोपो' मध्यरात्रीच्या खेळाला लावला. जाहिरात नाममात्र, तोंडोतोंडी कीर्ती पसरली आणि तेच तेच प्रेक्षक पुन्हा पुन्हा येऊ लागले. जॉन लेनन यांच्या शिफारशीवरून त्यांचे व्यवस्थापक ॲलन क्लाइन यांनी चित्रपटाचे हक्क घेतले. ज्याला आपण आज 'कल्ट चित्रपट' म्हणतो, त्याची मध्यरात्रीची परंपरा इथून रुजली.

१०/ टाकाऊची वकिली करणाऱ्या केल या पंथाला आशीर्वाद देतील, असे कोणालाही वाटले असते. घडले उलटेच. १९७१ मध्ये त्यांनी 'एल तोपो'ची खिल्ली उडवली. रक्तपात आणि अध्यात्म यांचे मिश्रण करून तरुणांना ते साक्षात्कार म्हणून विकले जात आहे, असा त्यांचा आक्षेप होता. त्यांच्या तर्कात विसंगती नव्हती. मौज मौज म्हणून आली तर त्यांचे दार उघडे होते. तिने भगवी वस्त्रे नेसली की ते बंद होई.

११/ त्यांचे निकाल काळाने नेहमी उचलून धरले, असे नाही. त्याच १९६९ च्या निबंधात त्यांनी कुब्रिक यांच्या '२००१ : अ स्पेस ओडिसी'ला कल्पनाशून्य ठरवले; आज तो जगातील श्रेष्ठ चित्रपटांत गणला जातो. आणि १९७५ मध्ये आपटलेला 'द रॉकी हॉरर पिक्चर शो' १९७६ पासून न्यूयॉर्कच्या वेव्हर्ली चित्रपटगृहात मध्यरात्री लागू लागला, तो कोणा समीक्षकाच्या कृपेने तगला नाही. पडद्याशी संवाद म्हणणाऱ्या, पात्रांचे वेष करून येणाऱ्या प्रेक्षकांनी तो जगवला.

१२/ मग समीक्षकाचे काम उरते तरी काय? क्राउदर यांच्यापाशी सचोटी होती, व्यासंग होता; पण आपल्याला न रुचलेले इतरांना का रुचते, हे कुतूहल त्या एका वेळी कमी पडले. केल अनेकदा चुकल्या, पण आपल्याला काय वाटले ते त्यांनी उसन्या भाषेत कधी सांगितले नाही. निकाल शिळे होतात. प्रामाणिकपणे सांगितलेली आवड मात्र पन्नास वर्षांनीही वाचावीशी वाटते, तिच्याशी भांडावेसे वाटते.

आपल्याला मनापासून आवडलेला, पण चारचौघांत सांगायला संकोच वाटणारा चित्रपट कोणता? खाली जरूर लिहा. शाल न पांघरता.

#धागा #इतिहास #चित्रपट